लेश्यावृक्षातला काळा माणूस



लहान मुलांना रंग शिकवणारी पुस्तकं आता मुलुंड-घाटकोपरला हवी तेवढी मिळतात. लाल सफरचंद, पिवळं केळं, काळा कावळा. बोट ठेवायचं, नाव सांगायचं, पान उलटायचं. वाईट नाहीत, पण मूल दोन दिवसांत कंटाळतं. त्यापेक्षा माधुरी पुरंदरे यांचं ‘चित्रवाचन’ घरी आणा. २०१४ सालचा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळालेल्या या बाई स्वतः उत्तम चित्रकार आहेत. चित्र मुलानं निवांत बघायचं आणि त्यावर बोलायचं, आपण मध्ये मध्ये शिकवायचं नाही.

असं खेळत बघण्याजोगं एक चित्र आपल्याकडे फार पूर्वीपासून आहे, लेश्यावृक्षाचं. मंदिराच्या भिंतीवर, पाठशाळेच्या पुस्तकात आपण सगळ्यांनी ते पाहिलंय. फळांनी लगडलेलं झाड आणि सहा भुकेले वाटसरू. एक मुळावर घाव घालतो, दुसरा बुंध्यावर, तिसरा मोठी फांदी तोडतो, चौथा डहाळी, पाचवा फक्त फळं खुडतो आणि सहावा खाली पडलेली वेचून खातो. चार वर्षांच्या मुलाला यात किती सापडतं बघा! झाडाचे भाग, मोठं-लहान, वर-खाली, सहापर्यंत मोजणं. शिवाय रंग. ‘कापोत’ म्हणजे कसा रंग, हे मुंबईतल्या मुलाला खिडकीच्या ग्रिलवर बसलेलं कबुतर दाखवून सांगता येतं. (कबुतरखान्याचा वाद इथे नको!)

माझी तक्रार रंग भरण्याच्या पद्धतीबद्दल आहे. बऱ्याच पुस्तकांत त्या माणसांची अंगंच रंगवलेली असतात. मूळ तोडणारा काळाकुट्ट, फळं वेचणारा गोरापान. रंगांच्या पुस्तकातून नुकतंच आलेलं मूल यातून काय शिकेल? काळा माणूस वाईट, गोरा चांगला. त्याच घरात सावळी नात असते. तिला येता-जाता बेसन-दुधाचा लेप लावा म्हणून सल्ले मिळत असतात, लग्नाच्या बायोडाटात ‘गोरी’ हा शब्द आपण अजून लिहितो, आणि वर धर्माच्या पुस्तकातही तेच! ती पोरगी तोंडानं काही बोलत नाही, पण ते चित्र तिनं बघितलेलं असतं.

शास्त्रात हे अजिबात नाही. आचार्य नेमिचंद्रांच्या गोम्मटसारात या वाटसरूंचं उदाहरण आहे आणि तिथेच द्रव्यलेश्या व भावलेश्या वेगळ्या सांगितल्या आहेत. द्रव्यलेश्या म्हणजे शरीराचा वर्ण, तो नामकर्माच्या उदयानं मिळतो. भावलेश्या म्हणजे कषायानं रंगलेले परिणाम. झाडाचं उदाहरण या परिणामांचं आहे, कातडीचं नाही. आणि मुनिसुव्रतनाथ व नेमिनाथ भगवान श्यामवर्णी होते, हे तर आपण पूजेत म्हणतोच की.

कोणी म्हणेल, परंपरेचं चित्र कशाला बदलायचं? चित्र बदलू नका, रंगाची जागा बदला. माणसं सगळ्या वर्णांची असू देत, आपल्या घरात असतात तशी. लेश्येचा रंग त्यांच्या मागे वर्तुळात भरा, नाहीतर हातातल्या कुऱ्हाडीला द्या. पाठशाळेसाठी पुस्तकं छापून घेणाऱ्या मंडळांना हा खर्च वाढवणारा बदल नाही, शाई तेवढीच लागते.

तोपर्यंत घरी एक खेळ करता येईल. कागदावर झाड आणि सहा माणसं नुसत्या रेघांनी काढून द्या, रंग भरू नका. मग विचारा, कोण काय करतोय? कोणामुळे झाड मरेल? पुढच्या वर्षी फळं कोणाला मिळतील? मुलं माणसांचे हात बघून उत्तरं देतात, आणि बरोबर देतात. रंगपेटी त्यानंतर काढा. आमच्या सोसायटीतल्या एका पाच वर्षांच्या मुलीनं फळं वेचणाऱ्याला चॉकलेटी रंगवला आणि म्हणाली, हा माझा बाबा.