कोरडवाहू जिल्हा आणि नौकानयन

परभणी जिल्ह्यांत नौकानयनाची गोष्ट काढणाऱ्यास लोक प्रथम हंसतील, हें आम्हांस ठाऊक आहे. ज्या मुलखांत उन्हाळा आला कीं हंड्यांच्या रांगा लागतात, तेथील कॉलेजच्या विद्यार्थ्यांनीं शर्यतीच्या होड्या वल्हवाव्या असें म्हणणें म्हणजे उपाशी माणसास केशरी भाताची कृति सांगण्यासारखें आहे, असा आक्षेप येईल. आक्षेप वरवर बिनतोड दिसतो. पण पुरावा तपासूं लागलें कीं तो टिकत नाहीं.

सन २०१६ च्या उन्हाळ्यांत आमच्या शेजारच्या लातूरकरांस मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. त्याच सालच्या ऑगस्टमध्यें रिओच्या ऑलिंपिक सामन्यांत नौकानयनाच्या शर्यतीस हिंदुस्थानचा एकच गडी उतरला होता, आणि तो होता नाशिक जिल्ह्यांतील तळेगांव रोही या दुष्काळी गांवचा दत्तू भोकनळ. विहिरी खणण्याच्या कामावर मजुरी केलेला हा तरुण २०१२ सालीं सैन्यांत गेला. वल्हें त्याच्या हातीं आलें तें त्यानंतर, आणि आरंभीं तर त्यास पाण्याची भीतिच वाटे. चार वर्षांत तो ऑलिंपिकला पोंचला, तेथें त्याचा क्रमांक तेरावा लागला. आणि २०१८ च्या आशियाई सामन्यांत स्वर्ण सिंग, ओम प्रकाश व सुखमीत सिंग यांच्यासह चौघांच्या नावेंत त्यानें सुवर्णपदक मिळविलें. त्यापूर्वीं २०१० सालीं एकेरी नौकानयनांत आशियाई सुवर्णपदक देशास प्रथम मिळवून देणारा बजरंगलाल ताखर हा राजस्थानांतला, म्हणजे वाळूच्या मुलखांतला. तोही शिपाईच. तेव्हां पाण्याचा दुष्काळ आणि नाविकांचा दुष्काळ या दोन गोष्टी एक नव्हेत.

परंतु आमच्या देशांत हे गडी घडविले ते सैन्यानें. विद्यालयांचा हात त्यांत फार थोडा. हेंच आमचें गाऱ्हाणें आहे. विलायतेंत ऑक्सफर्ड व केंब्रिज यांची शर्यत १८२९ पासूनची. अमेरिकेंत हार्वर्ड व येल हीं विद्यापीठें १८५२ मध्यें प्रथम भिडलीं तीं नौकानयनांतच. हे श्रीमंतांच्या मुलांचे चोचले, असें कोणी म्हणेल, तर त्यास १९३६ चें बर्लिन दाखवावें. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या ज्या आठ जणांनीं हिटलरच्या डोळ्यांदेखत सुवर्णपदक जिंकलें, त्यांत लांकूडतोडे, शेतकरी अशा कष्टकरी घरचीं मुलें होतीं. जर्मनीची नाव तिसरी आली. ‘जगांत जर्मनी आणि देशांत परभणी’ असें अभिमानानें म्हणणाऱ्या आमच्या गांवकऱ्यांनीं हेंही ध्यानांत ठेवावें कीं, तीच जर्मनी वल्हवीत राहिली, आणि २०१२ सालीं लंडनला आठ जणांच्या शर्यतींत पहिली आली.

या खेळाचा एक विशेष आमच्या विद्यार्थ्यांच्या फार सोयीचा आहे. टेनिसमध्यें नांव काढावयाचें तर सात-आठ वर्षांच्या वयांत आरंभ करावा लागतो, आणि बापाची तितकी ऐपत असावी लागते. नौकानयन हा उशिरां येणाऱ्यांचा खेळ आहे. अठराव्या-विसाव्या वर्षीं प्रथम वल्हें धरणाराही वर चढूं शकतो. लोकांची समजूत अशी कीं, वल्हें दंडाच्या जोरावर चालतें. तसें नाहीं. शर्यतीच्या नावेंतील बैठक चाकांवर मागें-पुढें सरकते. गडी आधीं पायांनीं फळी रेटतो, मग पाठ लावतो, आणि हात सर्वांच्या शेवटीं येतात. दोन हजार मीटरची ही सरळ शर्यत एकेरी नावेस सुमारें सात मिनिटांची. तीस लागतें तें लांब हाड, दमदार छाती, आणि तळहाताचे फोड फुटून घट्टे पडले तरी महिनोन्‌महिने तेंच तें काम न कंटाळतां करण्याची संवय. ही शेवटची वस्तु शेतकऱ्याच्या घरीं विकत आणावी लागत नाहीं. बुटक्यांनींही निराश होऊं नये. आठ जणांच्या नावेंत सुकाणू धरून हुकूम सोडणारा नववा असतो. त्यास उंची नको, शांत डोकें व खणखणीत आवाज हवा. आमच्या बाररूममध्यें या कामास लायक अशीं बरींच माणसें आहेत, पण त्यांचें वय उलटलें.

निवडीची रीतही आम्हांस फार आवडते. उमेदवारास प्रथम जमिनीवरच्या अर्गोमीटर नांवाच्या यंत्रावर बसवितात. सरकती बैठक, हातांत मूठ, समोर आंकडे. दोन हजार मीटर किती वेळांत ओढले, तें यंत्रच सांगतें. त्यास शिफारसपत्र दाखवितां येत नाहीं, आणि तें जात विचारीत नाहीं. पुढें नावेंत बसल्यावर तर आठांचीं वल्हीं एकाच क्षणीं पाण्यांत पडावीं लागतात. सातव्याचा विटाळ मानून आठव्यास तेथें बसतां येत नाहीं.

आतां पाण्याचा प्रश्न. यंत्रास पाणी लागत नाहीं, आणि पहिल्या वर्षाचा बहुतेक सराव यंत्रावर, मैदानावर व पोहण्यांतच जावयाचा. पुढें येलदरीचा जलाशय आहे, सेलूकडे निम्न दुधना आहे, गोदावरीवर ढालेगांव, मुदगल व डिग्रस येथील बंधारे आहेत. पाऊस बरा झाला कीं तेथें पाणी सांठतें; न झाला तर नावा कांठावर पडून राहतील, पिकें राहतात तशा. वल्हें मारल्यानें पाणी कमी होत नाहीं, एवढें तरी पाटबंधारे खात्यास पटावें. धोका मात्र खरा आहे. ज्यास कपड्यांनिशीं पोहतां येत नाहीं त्यास नावेंत पाय ठेवूं देऊं नये, तरंगतें जाकीट व सोबतीस यंत्राची होडी असल्याखेरीज सराव करूं नये, आणि खात्याची परवानगी तोंडी न घेतां लेखी घ्यावी.

अभ्यास बुडेल, ही पालकांची भीति. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब १९२८ पासून विद्यार्थीच चालवितात, आणि तेथील मुलें इंजिनिअर होतच आली आहेत. शिवाय महाराष्ट्र सरकारच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंस पांच टक्के जागा राखीव असतात; वल्ह्याच्या वाटेनें तेथें पोंचणारे परभणीचे कां नसावे? मुलींविषयीं वेगळें बोलण्याची पाळी येऊं नये, पण येते. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या मुली १९२७ पासून शर्यत लढवीत होत्या. मुलांच्याच दिवशीं, थेम्सच्या त्याच मार्गावर त्यांस उतरूं दिलें तें २०१५ सालीं. आम्हीं तेवढीं वर्षें घेण्याचें कारण नाहीं. दोघांचा आरंभ एकाच दिवशीं व्हावा.

२०२३ सालीं खेलो इंडियाच्या विद्यापीठ सामन्यांत नौकानयनाचा प्रथमच समावेश झाला व गोरखपूरच्या तलावावर शर्यती झाल्या. म्हणजे विद्यार्थ्यांस दार उघडलेलें आहे. परभणीच्या कृषि विद्यापीठानें व शहरांतील कॉलेजांच्या चालकांनीं एकत्र बसून दोन अर्गोमीटर, एक शिक्षक आणि पोहण्याची सोय येवढ्यानें आरंभ करावा. सप्ताहाच्या पंक्तीस व कुस्त्यांच्या फडास हात सैल सोडणाऱ्या मोंढ्यांतील व्यापाऱ्यांस एका यंत्राची किंमत जड नाहीं.

आणखी एक. ज्या भोई बांधवांनीं पिढ्यान्‌पिढ्या गोदावरीच्या पुरांतून आम्हांस पैलतीरीं नेलें, त्यांच्या विद्येस आम्हीं विद्या म्हटलें नाहीं. वल्हें कॉलेजांत आलें म्हणजे तें प्रतिष्ठित, आणि त्यांच्या हातीं असतांना हलकें, हा न्याय नव्हे. भोंवरा कोठें, गाळ कोठें, वारा कोणत्या वेळीं उलटतो, हें त्यांच्याइतकें पुस्तकास ठाऊक नसतें. सराव सुरू होईल तेव्हां गोदाकांठच्या अशा दोन जाणत्या भोयांस पगार देऊन नेमावें, आणि हजेरीपटावर त्यांच्या नांवापुढें ‘मजूर’ न लिहितां ‘शिक्षक’ लिहावें.