आजोबांची झोपेची गोळी: जुनी चिठ्ठी का चालत नाही?

कोल्हापूर असो वा मुंबई, अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम या गोळ्या मार्च २०१४ पासून ‘शेड्यूल एच-१’मध्ये आहेत. डॉक्टरांची चिठ्ठी लागतेच. विक्रीची नोंद दुकानदाराला ३ वर्षं ठेवावी लागते. डॉक्टरांनी तसं लिहिलं नसेल, तर त्याच चिठ्ठीवर पुन्हा गोळ्या देता येत नाहीत.

वृद्धांसाठी हा नियम जास्त महत्त्वाचा. वयानुसार डायझेपामसारखं औषध शरीरात जास्त काळ रेंगाळतं. रात्री उठताना तोल जातो, खुब्याचं हाड मोडू शकतं. वाढलेला विसराळूपणा ‘वयामुळे’ म्हणून सोडून दिला जातो.

मात्र रोजची गोळी अचानक बंद करू नका. झटके येऊ शकतात. सीपीआरला किंवा नेहमीच्या डॉक्टरांकडे जाताना सर्दीच्या गोळ्यांसकट सगळी औषधं पिशवीत घालून न्या. डोस हळूहळू कमी करता येतो.