अमेरिकन वास्तववाद : कालखंड की निवाडा?

अमेरिकन वाङ्मयातील वास्तववादाचा उदय सांगण्याची एक रीत आता रूढ झाली आहे. १८६५ मध्ये यादवी युद्ध संपले. स्वच्छंदतावादाचा भर ओसरला. हॉवेल्स, ट्वेन व जेम्स यांनी वास्तववाद प्रस्थापित केला. क्रेन, नॉरिस व ड्रायझर यांनी तो निसर्गवादापर्यंत नेला. या शिडीच्या पायथ्याशी 'स्थानिक रंगा'च्या कथा लिहिणाऱ्या लेखिकांना थोडी जागा दिली जाते. परीक्षेसाठी ही मांडणी सोयीची असेल, परंतु वाङ्मयेतिहास म्हणून ती ग्राह्य मानता येत नाही.

पहिला आक्षेप कालक्रमाचा. रिबेका हार्डिंग डेव्हिस हिची 'लाइफ इन द आयर्न-मिल्स' ही कथा 'अटलांटिक मंथली'मध्ये एप्रिल १८६१ मध्ये, म्हणजे युद्धाला तोंड फुटले त्याच महिन्यात, प्रसिद्ध झाली. लोखंडाच्या कारखान्यातील काजळी, भूक आणि एका कामगाराची कोंडलेली कलाशक्ती हा तिचा विषय. वास्तववाद जर युद्धोत्तर भ्रमनिरासातून जन्मला असेल, तर ही कथा कोठे ठेवायची? उलटपक्षी, त्या युद्धावरील 'द रेड बॅज ऑफ करेज' (१८९५) ही गाजलेली कादंबरी लिहिणारा क्रेन १८७१ मध्ये जन्मला. ते युद्ध त्याने पाहिलेच नव्हते.

दुसरा आक्षेप निसर्गवादासंबंधी. निसर्गवाद ही वास्तववादाची पुढची पायरी, असे सांगितले जाते. पण अमेरिकेत निसर्गवादाची बाजू मांडणाऱ्या नॉरिसनेच १८९६ मध्ये झोलाची गणना रोमँटिक लेखकांत केली आणि हॉवेल्सच्या दिवाणखानी वास्तवाशी असलेला आपला विरोध स्पष्ट केला. ज्याला आपण वारस ठरवतो, त्यानेच वारसा नाकारला आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. वास्तववाद ही केवळ लेखनपद्धती नव्हती. नियतकालिकांच्या संपादकीय कक्षेत घडलेली ती एक निवाड्याची पद्धतीही होती. हॉवेल्स १८७१ ते १८८१ या काळात 'अटलांटिक'चा संपादक होता आणि १८८६ पासून १८९२ पर्यंत 'हार्पर्स'मधील आपल्या सदरातून त्याने वास्तववादाचा कैवार घेतला. सर्वसामान्य, नित्याचे जीवन हा त्याचा निकष. मात्र १८८६ मध्ये दोस्तोयव्हस्कीविषयी लिहिताना त्याने जीवनाची प्रसन्न अंगेच अधिक अमेरिकन ठरविली. ही प्रसन्नता कोणाच्या वाट्याला आली होती?

चार्ल्स चेस्नट या कृष्णवर्णीय लेखकाच्या कथांची हॉवेल्सने १९०० मध्ये प्रशंसा केली होती. नोव्हेंबर १८९८ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातील विल्मिंग्टन येथे सशस्त्र गोऱ्यांनी निर्वाचित नगरशासन उलथविले आणि कृष्णवर्णीयांची हत्या केली. या घटनेवर आधारलेली चेस्नटची 'द मॅरो ऑफ ट्रॅडिशन' ही कादंबरी १९०१ मध्ये आली, तेव्हा हॉवेल्सला तिचा कडवटपणा खटकला. इतिहास पाहता तो अकारण नाही, हे मान्य करूनही खटकला. येथे निकषच उघडा पडतो. वास्तव जोवर सौम्य, तोवर ते वास्तव. ते आरोप करू लागले की दोष लेखकाच्या स्वराचा! १९०५ नंतर चेस्नटच्या हयातीत त्याची एकही नवी कादंबरी प्रसिद्ध झाली नाही. याचे सारे खापर हॉवेल्सवर फोडणे अन्यायाचे ठरेल, पण त्याच्या निकषाची मर्यादा मात्र नजरेआड करता येत नाही.

यावर असे म्हटले जाईल की, हॉवेल्स उदार होता. त्याने क्रेनला उचलून धरले, १८८७ मध्ये हेमार्केट खटल्यातील अराज्यवाद्यांच्या बाजूने तो जवळजवळ एकटा उभा राहिला. हे सर्व खरे आहे, आणि म्हणूनच प्रश्न व्यक्तीचा उरत नाही. इतका निर्भय माणूसही जेथे अडखळतो, तेथे अडथळा त्याच्या स्वभावात नसून 'सर्वसामान्य' या संकल्पनेतच असला पाहिजे. हीच संकल्पना सेरा ऑर्न ज्युएटच्या 'द कंट्री ऑफ द पॉइंटेड फर्स'ला (१८९६) 'स्थानिक' ठरविते आणि बॉस्टनच्या व्यापाऱ्याची कथा सांगणाऱ्या 'द राइज ऑफ सायलस लॅफम'ला (१८८५) 'राष्ट्रीय'. बॉस्टन हे स्थळ नव्हे काय?

डेव्हिसची कथा विस्मृतीतून बाहेर येण्यास १९७२ साल उजाडावे लागले; टिली ऑल्सेन आणि फेमिनिस्ट प्रेस यांचे ते श्रेय. तिच्यासाठी शिडीला आणखी एक पायरी जोडून भागणार नाही. 'वास्तववाद' हे कालखंडाचे निरुपद्रवी नाव मानणे आपण सोडून दिले पाहिजे. कोणाचे जीवन सर्वसामान्य, कोणाचे प्रादेशिक आणि कोणाचे कडवट, हे ज्या संज्ञेने ठरविले, तिचीच चिकित्सा करणे हे अभ्यासकाचे पहिले काम आहे.