आधी हृदय की आधी पोट?

मुतखड्यासाठी सोनोग्राफी करावी आणि रिपोर्टात भलतेच निघावे, ‘पोटातील महाधमनी फुगली आहे’, असे रुग्ण अधूनमधून माझ्याकडे येतात. महाधमनी ही हृदयातून निघणारी शरीरातील सर्वांत मोठी रक्तवाहिनी. पोटात तिची रुंदी साधारण २ सें.मी. असते. धूम्रपान, वाढता रक्तदाब व वय यांमुळे तिची भिंत कमकुवत होऊन फुगा येतो. याच कारणांनी हृदयाच्या रक्तवाहिन्याही अरुंद होतात. म्हणून अनेकांना दोन्ही विकार एकदमच असतात.

मग एक डॉक्टर सांगतात, आधी हृदय दुरुस्त करा. दुसरे म्हणतात, तोवर फुगा फुटला तर? घरचे लोक गोंधळतात आणि शेत विकण्याची भाषा सुरू होते.

माझे मत असे, की खबरदारी म्हणून सरसकट आधी बायपास किंवा अँजिओप्लास्टी करणे योग्य नाही. २००४ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. महाधमनी वा पायांच्या रक्तवाहिन्यांची शस्त्रक्रिया ठरलेल्या, पण हृदयविकार स्थिर असलेल्या ५१० रुग्णांपैकी निम्म्यांवर आधी हृदयाचे उपचार केले, बाकीच्यांवर केले नाहीत. सुमारे पावणेतीन वर्षांनी मृत्यूचे प्रमाण अनुक्रमे २२ व २३ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच होते. शिवाय स्टेंट बसवल्यावर रक्त पातळ ठेवणारी दोन औषधे काही महिने घ्यावी लागतात आणि पोटाची शस्त्रक्रिया लांबते.

याला अपवाद आहेत. बसल्या जागी छातीत दुखत असेल किंवा हृदयाच्या डाव्या मुख्य रक्तवाहिनीत मोठा अडथळा असेल, तर आधी हृदय. फुगा दुखू लागला असेल, तर आधी पोट. पुरुषांमध्ये फुगा साडेपाच सें.मी.पेक्षा लहान असून त्रास नसेल, तर बहुधा ठरावीक काळाने सोनोग्राफी करून लक्ष ठेवणे पुरते. हृदय फार अशक्त असल्यास, फुग्याची रचना योग्य असेल तर, पोट न उघडता जांघेतून आच्छादित स्टेंट बसवता येतो.

तेव्हा वाचकहो, दोन्ही डॉक्टरांना एकत्र बसून निर्णय द्यायला सांगा. ‘हे आधी केल्याने माझ्या रुग्णाचा नेमका फायदा काय?’ हे विचारायला संकोचू नका. पासष्टी ओलांडलेल्या, विडी-सिगारेट ओढणाऱ्या किंवा पूर्वी ओढलेल्या पुरुषांनी एकदा पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी. विडी मात्र आजच सोडावी. आणि पोटात वा पाठीत अचानक असह्य कळ येऊन घेरी आली, तर घरगुती उपाय न करता तडक मोठे रुग्णालय गाठावे.