गृहारोग्य : उरलेल्या बाटलीचा मोह

एकत्र कुटुंबांत औषधांचें फडताळही एकच असतें. आजोबांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर उरलेली थेंबांची बाटली त्यांत जपून ठेविलेली असते. पुढें सुनेचा डोळा लाल झाला, म्हणजे "ह्यांना यानेंच गुण आला, तूंही घाल बरें," असें सासूबाई मायेनें सुचवितात. ही माया कधीं कधीं डोळ्याची दृष्टि घेऊन जाते. कशी, तें पाहूं.

बुबुळावर कांचेसारखा पारदर्शक पडदा असतो. त्यास पारपटल म्हणतात. तापांत ओठांवर बारीक फोड उठविणारा हर्पिसचा विषाणु या पटलासही दाह उत्पन्न करितो. बहुधा लहानपणींच शरीरांत शिरून तो नसांच्या मुळाशीं दडून राहतो, व पुढें वर्षानुवर्षें अधूनमधून डोकें वर काढितो. प्रत्येक खेपेस वण राहण्याचें भय असतें. अखेर फूल पडून दृष्टि मंदावते.

खरी अडचण ही कीं, या दुखण्याचीं दोन रूपें आहेत. पृष्ठभागावर फांद्यांसारखा व्रण असतां स्टेरॉइडचे थेंब त्यास अधिकच पसरूं देतात. दाह खोल थरांत असला, तर तेच थेंब विषाणुरोधक औषधाच्या जोडीनें द्यावे लागतात. हा भेद आरशांत पाहून कळत नाहीं. त्यासाठीं नेत्रवैद्यांनीं रंगीत थेंब घालून यंत्रानें डोळा तपासावा लागतो. शिवाय वारंवार दुखणाऱ्या पटलाची संवेदना बोथट होते. म्हणून ठणका थोडा तर रोगही थोडा, हें अनुमान फसवें होय.

रोग समूळ जात नसला, तरी त्याच्या खेपा कमी करतां येतात. १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेंतील एका प्रयोगांत ७०३ रुग्ण होते. ४०० मिलिग्रॅम अ‍ॅसायक्लोव्हीर दिवसांतून दोनदां घेणाऱ्यांपैकीं वर्षभरांत शेंकडा १९ जणांस रोग उलटला. न घेणाऱ्यांत हें प्रमाण शेंकडा ३२ होतें. तें कोणास द्यावें, हें डॉक्टरांनींच ठरवावयाचें.

स्टेरॉइडचे थेंब जसे आपल्या मनानें सुरू करूं नयेत, तसेच एकाएकीं बंदही करूं नयेत. दीर्घकाळ घालावे लागल्यास डोळ्यांतील दाब मोजून घेत जावा. तो वाढल्यास काचबिंदूचें भय असतें.

एक डोळा लाल होऊन उजेड सोसेनासा झाला किंवा धूसर दिसूं लागलें, तर त्याच दिवशीं नेत्रवैद्यांकडे जावें. आणि आज सायंकाळीं फडताळ उघडून, जुन्या थेंबांच्या सर्व बाटल्या टाकून द्याव्या.