वीज गेली की मुका होणारा फोन

प्रति,
मा. सचिव,
दूरसंचार विभाग,
संचार भवन, नवी दिल्ली

महोदय,

वीज गेली की बंद पडणारा फोन तुमच्या विभागाच्या डोळ्यांदेखत गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांच्या घरात बसवला जातो आहे. वीज गेल्यावर तो निदान किती वेळ चालला पाहिजे, याचं बंधन तुम्ही कंपन्यांवर घातलेलं नाही. हे मी कंपनीला लिहिलं, मग कंपनीच्याच अपिलात लिहिलं. दोन्हीकडून एकच उत्तर आलं: जोडणी अपग्रेड झालेली आहे, तक्रार निकाली काढली आहे. म्हणून आता तुम्हाला लिहितो आहे, आणि उघडपणे लिहितो आहे. कंपनीचं नाव घेत नाही. तिने जे केलं ते करायची तिला मोकळीक आहे, आणि ती मोकळीक तुम्ही दिलेली आहे.

माझी आत्या दापोली तालुक्यातल्या एका वाडीत एकटी राहते. वय नव्वदीकडे झुकलेलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना पाढे शिकवण्यात तिची सगळी नोकरी गेली. ती मोबाइल वापरत नाही आणि वापरणार नाही. 'शिकवा तिला, सोपं असतं' असं मला कंपनीच्या माणसाने सांगितलं, म्हणून तिची कारणं इथे लिहितो. विळीवर आणि अंगणात काम करून तिची बोटं कोरडी पडली आहेत, घट्टे आले आहेत. काचेच्या पडद्याला ती बोटं कळतच नाहीत. कान कमी झाला आहे, जड रिसीव्हर कानाला नीट टेकतो, गुळगुळीत पट्टी टेकत नाही. रिचार्ज संपला की येणारे फोनही बंद होतात, हे तिला पटत नाही. ते मलाही पटत नाही. 2018 च्या अखेरीस कंपन्यांनी 35 रुपयांचा किमान रिचार्ज सक्तीचा केला. जुलै 2024 च्या दरवाढीनंतर तोच 28 दिवसांना दोनशेच्या घरात गेला. केवळ मुलाचा फोन यावा म्हणून एखाद्या बाईने दर महिन्याला एवढे पैसे भरत राहायचे.

आणि तिला भीती वाटते. ती भीती खोटी नाही. 2024 च्या पहिल्या चार महिन्यांत 'डिजिटल अरेस्ट'च्या नावाखाली लोकांचे 120 कोटी रुपये लुबाडले गेले, हा केंद्र सरकारचाच आकडा आहे. त्या वर्षाच्या शेवटी तुमच्या विभागाने कंपन्यांना सांगून प्रत्येकाच्या फोनवर सावधगिरीची धून लावली. ज्या यंत्रापासून सावध राहा असं सरकार तेव्हा दिवसातून दहादा सांगत होतं, ते यंत्र हातात घ्यायचं नाही असं एखाद्या जाणत्या बाईने ठरवलं तर तो तिचा विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे. त्याचा मान राखायला हवा.

तिचा फोन माजघरात फडताळाशेजारी स्टुलावर असायचा. कालनिर्णयच्या जुन्या पानाच्या मागच्या बाजूला आम्हा सगळ्यांचे नंबर मोठ्या आकड्यांत लिहिलेले. 15 जानेवारी 2021 पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावायचं असा तुमचा हुकूम आला, तेव्हा तिने लाल पेनाने प्रत्येक नंबरापुढे शून्य काढलं. नवं काही शिकत नाहीत अशी ज्यांची ओळख करून दिली जाते, ती माणसं ही अशी असतात. जमेल तेवढं सगळं त्यांनी केलेलं आहे. दिवेलागणीनंतर तिचा फोन यायचा. पाऊस किती झाला, सुपारी कशी आहे, कुणाच्या घरी काय कार्य आहे, आणि 'जेवलास का रे?' माझी बहीण जर्सी सिटीत असते. तिलाही आत्याशी बोलायचं तर तेवढाच एक फोन होता. आम्ही दूर राहणाऱ्यांनी तिची काळजी घेण्याचं तेवढंच साधन होतं, आणि रात्री छातीत दुखलं तर 108 ला बोलावण्याचं तिचंही तेवढंच.

तांब्याच्या तारेचा गुण काय होता, हे तुम्हाला सांगायला नको. पण तुमच्या धोरणात तो कुठे दिसत नाही, म्हणून लिहितो. त्या फोनला घरातली वीज लागतच नव्हती. एक्सचेंजमधल्या बॅटऱ्यांतून 48 व्होल्टचा पुरवठा त्याच दोन तारांतून घरापर्यंत यायचा. बोलताना फोन जेमतेम वीस-चाळीस मिलिअँपिअर घ्यायचा. गाव अंधारात असलं तरी रिसीव्हर उचलला की टोन यायचा. कोकणात जून ते सप्टेंबर एखादी झावळी तारेवर पडली, आंब्याची फांदी मोडली की लाइट जाते. कधी तासाभरात येते, कधी दुसऱ्या दिवशी. अशा रात्री म्हातारं माणूस आणि जग यांच्यात तेवढी एक तार शिल्लक असायची.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं, तेव्हा खांबच आडवे झाले आणि सगळंच गेलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. वादळापुढे कुणाचं काय चालतं? तक्रार आहे ती साध्या पावसाळी रात्रीची, जेव्हा सगळं जागेवर उभं असतं आणि फक्त लाइट गेलेली असते.

आता तांब्याच्या तारेच्या जागी फायबर आहे आणि भिंतीवर एक पांढरी पेटी आहे. ती घरच्या विजेवर चालते. लाइट गेली की पेटी बंद, पेटी बंद की फोन मुका. वाडीत मोबाइलला रेंज नाही. ती सड्यावर चढून गेल्यावर मिळते. लाइट गेली की आम्ही इकडे पुण्यात फोन लावत बसतो आणि शेवटी शेजारचा मुलगा पावसात सड्यावर जाऊन कळवतो, 'आजी बऱ्या आहेत.' त्या मुलाचे उपकार आमच्याने फिटायचे नाहीत. पण नागरिकाच्या संपर्काची जबाबदारी शेजारच्या पोराच्या पायांवर टाकून सरकारला मोकळं होता येणार नाही.

मला सर्वांत जास्त संताप कशाचा येतो ते सांगतो. या दुखण्याला औषध आहे, ते स्वस्त आहे, आणि त्यासाठीचे पैसे तुमच्याकडे आधीच जमा आहेत. फायबरला एक्सचेंजपासून घरापर्यंत बहुतेक ठिकाणी मध्ये कुठे वीज लागत नाही. एक्सचेंजमधल्या यंत्रांना बॅटरी असते. अडतं ते घरातल्या पेटीपाशी. ती पेटी दहा-बारा वॉट खाते. तिला तीन-चार तास जिवंत ठेवणारी छोटी बॅटरी बाजारात दीड हजार रुपयांच्या आसपास मिळते. समजा देशभरातल्या 10 लाख वृद्धांच्या घरी ती सरकारने बसवली, तर खर्च होईल 150 कोटी. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्र सरकारने भारतनेट या ग्रामीण ब्रॉडबँड योजनेच्या सुधारित कार्यक्रमाला मंजुरी दिली, ती 1,39,579 कोटींची. त्याच्या जेमतेम हजाराव्या हिश्श्यात हे काम होतं.

आणि भारतनेटला पैसा पुरवणारा निधी कुठून आला? 1 एप्रिल 2002 पासून प्रत्येक कंपनीच्या समायोजित महसुलातले 5 टक्के सार्वत्रिक सेवा निधीसाठी घेतले जातात. तो पैसा शेवटी बिलातून येतो, म्हणजे आत्याच्याही बिलातून आला. 2003 मध्ये तार कायद्यात दुरुस्ती करून या निधीला कायद्याचा आधार दिला गेला. हेतू स्वच्छ लिहिलेला होता: ज्यांच्यापर्यंत फोन नेणं कंपनीला परवडत नाही, त्यांच्यापर्यंत तो पोचावा. सुरुवातीला या निधीतून खेड्यांत सार्वजनिक फोन आले, ग्रामीण घरांत जोडण्या आल्या. त्यानंतर वर्षानुवर्षं यातले हजारो कोटी खर्चाविना पडून राहिले. 2023 च्या नव्या दूरसंचार कायद्याने त्याचं नाव 'डिजिटल भारत निधी' केलं. नाव बदला, आमची हरकत नाही. पण पैसे घेतलेत ते सर्वांपर्यंत पोचण्यासाठी. 'सर्वां'मध्ये माझी आत्या येते की नाही, एवढं मला लेखी सांगा.

'सगळ्या जगात असंच चाललंय' हे उत्तर मला नको आहे, कारण ते खरं नाही. ब्रिटनही तांब्याची तार काढतो आहे. तिथल्या ऑफकॉम या नियामकाने सांगून ठेवलं आहे की जो ग्राहक लँडलाइनवरच अवलंबून आहे, त्याला वीज गेल्यावरही किमान एक तास आपत्कालीन फोन करता आला पाहिजे, आणि ती सोय कंपनीने करून द्यायची. 2021-22 च्या हिवाळ्यातल्या वादळांत लोकांचे हाल झाले, तेव्हा तिथल्या सर्वांत मोठ्या कंपनीला हा बदल काही काळ थांबवावा लागला. पुढे डिसेंबर 2025 ची मुदत जानेवारी 2027 वर नेली गेली, त्यामागे वृद्ध आणि आजारी ग्राहकांची काळजी हे मोठं कारण होतं. तिथे म्हाताऱ्यांसाठी घड्याळ थांबतं. इथे आत्याच्या घरी माणूस आला, तार कापली, पेटी ठोकली आणि तासाभरात निघून गेला. कुठल्या कागदावर सही घेतली, हे तिला वाचूनही दाखवलं नाही.

तिचा नंबरही गेला. नातेवाईक, गावातले डॉक्टर, मुंबईतल्या जुन्या विद्यार्थिनी, सगळ्यांच्या वहीत तोच नंबर होता. 20 जानेवारी 2011 पासून देशभर मोबाइलचा नंबर कायम ठेवून कंपनी बदलता येते. लँडलाइनला ती सोय आजही नाही. ज्याने मोबाइल घेतला त्याचा नंबर त्याच्या मालकीचा झाला, आणि जी आयुष्यभर घरच्या फोनवर राहिली तिचा नंबर कंपनीच्या मर्जीवर राहिला. आत्याच्या वयाची एखादी मैत्रीण जुना नंबर फिरवते, 'अस्तित्वात नाही' असं ऐकते आणि मनात काय समजते, याचा विचार संचार भवनात कुणी केला आहे का?

दाद मागायची तर कुठे? ट्राय या आपल्या नियामकाला एकेका ग्राहकाची तक्रार सोडवण्याचा अधिकारच दिलेला नाही. 2012 च्या नियमांनी दोन पायऱ्या केल्या, तक्रार केंद्र आणि अपील. दोन्ही कंपनीच्याच घरात. त्यापुढे ग्राहक आयोग आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये तो रस्ता मोकळा असल्याचं स्पष्ट केलं, त्याबद्दल न्यायालयाचे आभार. पण नव्वदीच्या बाईने दापोलीहून रत्नागिरीला तारखांसाठी खेटे घालायचे का? 2009 च्या नियमांत ग्रामीण भागातला बिघाड जास्तीत जास्त सात दिवसांत दुरुस्त व्हावा असं होतं, आणि पंधरा दिवसांवर फोन बंद राहिला तर महिन्याचं भाडं माफ. त्या नियमांनाही फोन रोज संध्याकाळी लाइट गेली की बंद पडतो हा बिघाड वाटला नसता. तो आता फोनचा स्वभावच ठरवला गेला आहे.

यावर मला एकदा सांगण्यात आलं की ही पिढी आता किती वर्षं राहणार, तिच्यासाठी व्यवस्था उभारणं व्यवहार्य नाही. महोदय, हे वाक्य मी विसरू शकत नाही. 2011 च्या जनगणनेत देशात साठीपुढचे 10 कोटी 38 लाख लोक होते. ती संख्या वाढते आहे, आणि दर पिढीत काही माणसं त्या वेळच्या नव्या यंत्रापाशी थांबणारच. माणूस जिथे थांबला तिथे त्याला भेटायला जाणं सरकारचं काम आहे. जुलै 2013 मध्ये तारसेवा बंद झाली, तेव्हा घरोघर फोन आहेत असं सांगितलं गेलं. 1 सप्टेंबर 2025 पासून रजिस्टर पत्र स्पीड पोस्टात विलीन झालं. आता घरोघरचा फोनही विजेच्या भरवशावर गेला. एकेक दार बंद करताना पुढचं दार उघडं आहे ना, हे बघायची तसदी कुणीतरी घ्यायला हवी होती.

मला काय हवं ते सरळ लिहितो. सत्तरीपुढच्या ग्राहकाची तांब्याची जोडणी त्याच्या लेखी संमतीशिवाय काढता येणार नाही, असा आदेश काढा. जिथे ती काढली गेली आहे तिथे किमान चार तास चालणारी बॅटरी कंपनीने फुकट बसवून द्यावी, खर्च डिजिटल भारत निधीतून भरा, आणि बॅटरी दमली की बदलून देण्याची जबाबदारीही त्या आदेशात लिहा. जुना नंबर परत द्या. जिथे मोबाइलची रेंज नाही अशा वाड्यांची यादी करून सुरुवात तिथून करा. तहसीलदार आणि ग्रामपंचायती ती यादी महिन्याभरात देतील. हे सगळं पुढचा पावसाळा सुरू होण्याआधी व्हायला हवं. कोकणात मेच्या अखेरीस वळीव येतो आणि लाइट जायला लागते, तेव्हा तुमच्या हातात तेवढाच वेळ आहे.

उत्तर लेखी द्या, विभागाच्या सहीशिक्क्यानिशी. 'अपग्रेड' आणि 'निकाली' हे शब्द त्यात नकोत. माझी मागणी मान्य आहे की नाही, आणि नसेल तर कुठल्या कायद्याच्या कुठल्या कलमाखाली नाही, तेवढं त्यात असू द्या.

आपला,
दापोलीच्या एका लँडलाइन ग्राहकाचा भाचा, पुणे