शब्दमोजणी आणि मराठी अनुवादक

मराठी घेऊन एम. ए. झालेले आमचे विद्यार्थी आता केवळ शाळांत वा वृत्तपत्रांत जात नाहीत. अंधेरी-घाटकोपरच्या भाषांतर कंपन्यांतही जातात. वर्षभराने भेटले की सांगतात ते साधारण एकच असते : रात्री मजकूर यायचा, सकाळी तो परत द्यायचा, पैसे मात्र तीन-तीन महिने अडकलेले. खासगी नोकरीतला नेहमीचा जाच म्हणून हे सोडून देणे आम्हांस योग्य वाटत नाही. या गैरव्यवस्थेची किंमत अनुवादकाबरोबर मराठीलाही मोजावी लागते.

मोबदल्याचेच पाहा. तो शब्दागणिक ठरतो. पण शब्द मोजायचे कोणत्या भाषेतले? इंग्रजीत ‘ऑन द टेबल’ हे तीन शब्द, मराठीत ‘टेबलावर’ हा एकच. जिथे मराठी शब्द मोजले जातात तिथे आपले विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये अनुवादकाच्याच मुळावर येतात! पूर्वी भाषांतरित झालेल्या वाक्याशी जुळणारे वाक्य आले की दर आणखी उतरतो. ते नव्या संदर्भात बसते का, हे तपासण्याचे श्रम मात्र हिशेबात धरले जात नाहीत.

त्याहून गंभीर गोष्ट तपासणीची. औषधचाचणीत रुग्णाची संमती घेण्यासाठी जे पत्रक असते, त्याच्या मराठी भाषांतराचे पुष्कळदा दुसऱ्याकडून पुन्हा इंग्रजी करून घेतात व ते मुळाशी ताडून पाहतात. हेतू रास्तच आहे. परंतु मराठी न जाणणारा व्यवस्थापक दोन इंग्रजी मजकूर शेजारी ठेवतो आणि शब्द जुळला नाही की चूक धरतो. मग अनुवादकही शब्दाला शब्द ठेवू लागतो. इंग्रजी जुळते, मराठी कळत नाही. आणि सही करायची असते रुग्णाला. एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी पाठ्यपुस्तकांची मराठी तपासत. त्यांच्या इंग्रजी वळणावर पुढे टीका झाली. पण निदान तपासणाऱ्याला मराठी येत होती!

थकलेल्या पैशांबाबत कायदा अगदीच मुका नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६च्या कायद्यानुसार, कामाआधी सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी केलेल्या स्वतंत्र अनुवादकाचे देणे फार तर ४५ दिवसांत चुकते व्हावे लागते. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. पण हे आमच्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक असते?

इथे दोष आमच्याकडेही येतो. अनुवादमीमांसेच्या तासाला आम्ही समतुल्यतेवर बोललो. शब्द कोणत्या भाषेतले मोजायचे, कराराशिवाय काम का घेऊ नये, यावर कधी बोललो नाही. पैशांचे बोलणे आम्हांला वाङ्मयबाह्य वाटत राहिले. आमची विनंती एवढीच, की हा विषय अभ्यासक्रमात यावा. आणि मराठी मजकुरावर अखेरचा शब्द मराठी जाणणाऱ्याचा असावा, अशी मागणी कंपन्यांकडे मराठी विभागांनी एकत्रितपणे करावी. एकट्या नवशिक्या अनुवादकाने ती केली तर त्याला पुढचे काम मिळत नाही.